भोंग्यांच्या तासातली शांतता

—नाही नाही, पहिल्याच घंटेला उचलायचा नाही, लोरेनबाई. दोनदा वाजू द्यायचा, मग उचलायचा. मी आत बोलत असतो ना, तेव्हा ती घंटा दाराच्या फटीतून माईकमध्ये जाते, आणि घरी बसलेल्या माणसाला वाटतं, अरे, लोक फोन करतायत, आपणच मागे राहिलो. एवढ्यावर तर चालतं हे सगळं. तुम्ही मघाशी सगळेच फोन झडप घालून उचललेत — नाही, तुमची चूक नाही, मीच सांगायला विसरलो. मी जे सांगायचं ते विसरतो आणि जे सांगायचं नसतं ते — असो. बाहेरच्या रेडिओ केंद्राच्या बातम्या लागल्या आहेत, तोवर आपला माईक बंद. बंद आहे ना? लाल दिवा विझलाय का, एकदा बघा बरं. मी बघितला, पण माझ्या बघण्यावर माझा विश्वास नाही. विझलाय? बरं. मग घ्या, वेलदोड्याचा पाव घ्या, चर्चमधल्या बायकांनी पाठवलाय. देणगी-सप्ताहात इथे खायला मिळतं. एरवी वर्षभर आम्ही पन्नासेक माणसं फुकट राबतो आणि स्वतःच्या खिशातनं कॉफी पितो. कॉलेज हे तळघर देतं, आणि वरच्या मजल्यांना ऊब देणाऱ्या पाइपांची गळती देतं. बाकी प्रक्षेपणाच्या मनोऱ्याचं वीजबिल, परवाने, बर्फानं वाकलेली तार, सगळं या एका आठवड्यातल्या फोनांवर. तुमच्यासमोरच्या त्या फोनवर. म्हणून म्हटलं, दोनदा वाजू द्या.

तुम्ही आज पहिल्यांदाच आलात, आणि नेमक्या माझ्या तासाला आलात, म्हणजे तुम्हाला वाटत असेल, इथे रोज असंच होतं. नाही हो! एकोणीस वर्षं मी दर रविवारी सकाळी ‘भोंग्यांचा तास’ करतो. या सरोवरावर जेवढी दीपगृहं होती, त्या सगळ्यांचे, धुक्यात बोटींना इशारा देणारे भोंगे मी ध्वनिमुद्रित केले आहेत, आता त्यांतले निम्मे बंदही पडले. एक भोंगा, मग शांतता, मग भोंगा. मधूनमधून मी सांगतो, हा कुठल्या बेटावरचा, ह्याचा घसा का बसला. तर या एकोणीस वर्षांत माझ्या तासाला फोन किती आले असतील? एक आला होता. त्याला पिझ्झा हवा होता. मी आयुष्यभर हित्ती भाषा शिकवली, जी बोलणारा शेवटचा माणूस तीन हजार वर्षांपूर्वी वारला. पण वर्गात निदान चार डोकी समोर दिसायची, त्यांतली दोन झोपलेली असली तरी दिसायची. इथे ते नाही. इथे तुम्ही एका जाळीच्या गोळ्याशी बोलता आणि घरी जाता. पलीकडे कोणी आहे का? माहीत नाही. हेल्मी — माझी बायको — ती तर रविवारी चर्चला जाते. विचारलं तर म्हणते, ‘घरी चोवीस तास ऐकते ते पुरे नाही का, वेंडेल? आणखी रेडिओ लावून ऐकू?’ बरोबर आहे तिचं. मी बोलतो फार. बोलतो ना? तुम्ही मान हलवू नका, पाव खा.

तर झालं काय, तुम्ही इकडे फोनपाशी होता, आत काय चाललं होतं ते तुम्हाला नीट कळलं नसेल. आमची ती केन्झी — नाकात कडी, एकवीस वर्षांची, कार्यक्रम कुणाचा कधी हे तीच ठरवते — तिनं मला सोमवारी सांगितलं, ‘प्रोफेसर, तुमच्यावर माझा जीव आहे, पण या रविवारी तुमच्या तासाला एकही फोन आला नाही, तर तो तास मला दुसऱ्याला द्यावा लागेल.’ दुसरा म्हणजे एक पोरगा, व्हिडिओ गेममधलं संगीत लावणार. वाईट नसेल, मी काही म्हणत नाही. मग ती म्हणाली, ‘तुम्ही ओलीस का धरत नाही लोकांना? सगळे धरतात.’ आता हे ओलीस प्रकरण तुम्हाला माहीत असेल. शुक्रवारी तो गॅरेजवाला डेल काय करतो? ख्रिसमसचं एकच गाणं, अकॉर्डियनवर, भर फेब्रुवारीत, पुन्हा पुन्हा लावतो, आणि म्हणतो, पाचशे डॉलर जमेपर्यंत हेच! लोक शिव्या देत फोन करतात आणि पैसे देतात. कानाची सुटका विकत घेतात बिचारे. पद्धतच आहे ती.

मग मी आठवडाभर विचार केला, की मी धमकी कशाची देऊ? भोंग्यांची? ज्या माणसाचं भोंग्यांवर प्रेम आहे त्यानं ‘पैसे द्या नाहीतर भोंगा वाजवीन’ म्हणायचं? आणि समजा लोकांनी खरंच भोंगा थांबवायला पैसे दिले तर? म्हणजे तर भोंगे कुणालाच नकोत हे उघडच झालं! तेव्हा मी उलट करायचं ठरवलं. मघाशी मी म्हणालो — तुम्ही ऐकलं ना? — मी म्हणालो, ‘श्रोतेहो, फोन येईपर्यंत मी भोंगा वाजवणार नाही, आणि एक अक्षर बोलणार नाही.’ आणि गप्प बसलो. मला वाटलं, एखाद्याला तरी चुकल्याचुकल्यासारखं होईल. त्यात ते यंत्र! ते भिंतीवरचं राखाडी खोकं. अर्धा मिनिट आवाज आला नाही की त्याला वाटतं आतली माणसं मेली, आणि ते आपोआप केन्झीनं भरून ठेवलेली टेप लावतं. म्हणून भोंग्यांच्या मधल्या शांततेत मला नेहमी कपात चमचा फिरवावा लागतो, यंत्राला कळावं, मी आहे म्हणून. आजही तेच केलं. गप्प बसलो आणि चमचा फिरवत राहिलो.

आणि फोन वाजला! लोरेनबाई, माझ्या हातून चमचा पडला. मला वाटलं, जिंकलो, कुणाला तरी भोंगा हवाय. आणि तुम्ही काचेवर तो कागद लावलात — ‘पन्नास डॉलर. म्हणतात, असंच चालू ठेवा.’ असंच म्हणजे कसं? मग दुसरा. ‘किती छान, थांबू नका.’ मग तर काय, रांगच लागली. एका ट्रकवाल्यानं म्हणे गाडी रस्त्याकडेला लावून फोन केला, की दहा वर्षांत रेडिओवर इतकं चांगलं काही ऐकलं नाही. मी काहीच करत नव्हतो हो! मी असून नव्हतो! केन्झी पायजम्यावरच धावत आली, डोळ्यांत पाणी. ‘प्रोफेसर, मनोऱ्याचा खर्च निघाला! दुसरा अर्धा तासही असाच करा, आणि यापुढे दर रविवारी हेच. “चमच्याचा तास” म्हणू या.’ बातम्या संपायच्या आत उत्तर हवंय तिला. तास माझाच राहील, फक्त मी त्यात नसायचं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मला माझी खरी देणगी कळली, ती ही. लोक मी गप्प बसावं म्हणून रोख मोजतायत. भोंगेही नकोत, मीही नको. आता तुम्हीच सांगा, मी हो म्हणू की कोट घालून घरी जाऊ? नाही, सांगू नका. घरी जाऊन हेल्मीला काय सांगू? ती हसेल. हसणार नाही, त्याहून वाईट — ‘बरं झालं’ म्हणेल.

काय म्हणता? पहिला फोन? ते पन्नासवाले? त्यांचं काय? ...बाई होत्या. वयस्कर. बरं. नाव सांगितलं नाही, हरकत नाही, बरेच जण सांगत नाहीत, पत्त्यावर नुसता कप पाठवायचा, केंद्राचं चित्र असलेला, पन्नासला कप मिळतो. ...कप नको म्हणाल्या? का? ...‘घरात आधीच एकोणीस आहेत.’

थांबा. थांबा जरा. एकोणीस? दरवर्षी देणगी-सप्ताहाला आम्हाला, कार्यक्रम करणाऱ्यांना, एकेक कप देतात. म्हणजे एकोणीस कप असणारं घर या गावात — नाही, असेल दुसरंही कुणाचं. डेलकडे बारा आहेत. ...आणखी काय म्हणाल्या? तुम्ही हे मला मघाशी का नाही — हो, मी बोलत होतो, कबूल. काय म्हणाल्या? ...‘त्याला सांगा, कपात साखर आहे, आणि डॉक्टरांनी त्याला साखर बंद केली आहे.’

साखर होती. दोन चमचे. इथे कोण बघतं म्हणून घालतो मी, रविवारी. पण हेल्मीला कसं — आवाजावरनं! साखर असली की कपाच्या तळाशी खर्रर्र होतं, विरघळेपर्यंत. नसली तर नुसतं किणकिणतं. हे ओळखायला, लोरेनबाई, रेडिओला कान लावून बसावं लागतं. आणि चर्च? चर्च सुटायला अजून अवकाश आहे. म्हणजे ती चर्चला गेली नाही. आज गेली नाही? की कधीच — एकोणीस वर्षं कोट घालून, टोपी घालून दारातून निघते ती, आणि माझी गाडी वळली की — ती बेटावरच्या भोंग्याची सर्दी, तो घसा बसलेला, ते सगळं मी चारचारदा सांगितलेलं — ऐकते ती! आणि मी गप्प बसल्याबरोबर पहिला फोन तिचा. पन्नास डॉलर! लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, तेवढी शांतता तिला मी एकदाही फुकट दिली नाही.

हसू नका हो. हसा. मला कळत नाही मला काय होतंय. डोळे पुसायचे आहेत, तो कागदी रुमाल द्या. आणि केन्झीला सांगा, हो म्हणालो म्हणून. दर रविवारी चमचा. पण शेवटी एक भोंगा वाजणार, एकच, बेटावरचा, तेवढा हेल्मीनं सोसावा — लोकांनीही. तो साधा कप द्या इकडे. नाही, साखर नको, तो डबा तिकडे ठेवा, दूर ठेवा. नुसताच चमचा फिरवीन. कुणाला काही कळणार नाही. तिला कळेल.

बातम्या संपत आल्या. मी आत जातो, मधली काच लावून घ्या. फोन वाजला तर दोनदा — नाही, आज पहिल्या घंटेलाच उचला, आवाज नको. आणि पुन्हा ती बाई आलीच फोनवर, तर तिला म्हणावं, वेंडेलनं सांगितलंय की — नको. काही सांगू नका. लाल दिवा लागला. आता कुणीही एक शब्दही बोलायचा ना—