पृथ्वी किती वाजता येणार?

...नाही, पण मी म्हणते, मी काय लहान आहे? तुम्ही बघताय ना मला? हे गुडघे बघा, त्यावरचा हा पट्टा बघा, केस बघा, रंग लावायचा सोडला त्याला जमाना झाला, साठी उलटली, घरात जावई आला, आणि विजेच्या कचेरीत तक्रार करायला फोन केला की पलीकडचा माणूस काय म्हणतो? "बाळा, घरात मोठं कोणी आहे का? दे बरं फोन त्यांना." बाळा! मी त्याला पोटतिडकीनं सांगतेय, अहो कालपासून लाइट नाही, फ्रिजमधलं सगळं नासलं, तर म्हणतो, "हो का राजा? अंधाराची भीती वाटते का?" आता ह्याला काय बोलणार? शेवटी फोन ह्यांच्या हातात द्यायचा. ह्यांना मीटर कुठल्या भिंतीवर आहे तेसुद्धा ठाऊक नाही, पण आवाज कसा, भरदार! ह्यांनी नुसतं "हॅलो" म्हटलं की पलीकडे "बोला साहेब" सुरू.

देवानं आवाजच असा दिला त्याला मी काय करू? शाळेत सगळ्या म्हणायच्या, कित्ती गोड! मुलगी बघायला आलेल्या सासूबाई म्हणाल्या, कित्ती गोड! पुढे बाकीचं सगळं वाढत गेलं, वय वाढलं, वजन वाढलं, रक्तातली साखर वाढली, आवाज मात्र जिथं बसलाय तिथून हलायला तयार नाही. आणि त्याच आवाजाची भाकरी खाते मी, डबिंग करते, म्हणजे पडद्यावर तोंड दुसऱ्याचं हलतं आणि अंधाऱ्या खोलीत माइकसमोर उभं राहून आवाज आपण द्यायचा. आजवर काय काय झाले तुम्हाला सांगते... पोपट झाले, वासरू झाले, जाहिरातीतलं बिस्किट झाले, "मला खा, मला खा" म्हणून दिवसभर ओरडले, आणि लहान मुलं तर विचारूच नका, हरवलेली, पळवलेली, तापानं फणफणलेली, सगळी माझी! पण बाई झाले का हो कधी? एकदा तरी? साधी "अहो, छत्री घेतली का?" एवढंच म्हणणारी बाई? छे! "काकू, तुमचा आवाज लहान आहे." अरे, आवाज असेल लहान. मी काय लहान आहे?

तर ही सिरियल. बघता ना? ते अंतराळयान, वाट चुकलेलं, पृथ्वीवर परत यायला निघालंय ते निघालंच आहे... आणि त्यात ती पोरगी, यानातच जन्मलेली, पृथ्वी कधी डोळ्यांनी पाहिलेली नाही. सगळे तिला बटण म्हणतात, कारण दिसेल ते बटण दाबते. एकदा बाहेरचं दार उघडायचं दाबलं, दोन शास्त्रज्ञ गेले अवकाशात हात हलवत, पण पोरीला कोण रागावणार? आणि दर भागाच्या शेवटी काचेला नाक लावते, बाहेर नुसता काळोख, आणि विचारते... थांबा, घोटभर पाणी पिते... "कॅप्टनकाका, पृथ्वी किती वाजता येणार?"

हां! आला ना काटा अंगावर? ती मी.

पडद्यावर दिसते ती पोरगी वेगळी. दिसायला लोण्याचा गोळा, पण तोंड उघडलं की भाजीबाजारात लिलाव चाललाय असं वाटतं! म्हणून मला बोलावलं. आणि काम काय सोपं वाटलं तुम्हाला? आवाज येतो म्हणून पंखा बंद, कडक इस्त्रीचे कपडे घालायचे नाहीत, सळसळतात, पोटात गुडगुडलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. यानात आग लागली की बटण पळते, म्हणजे पडद्यावर पळते ती, पण धाप कुणाला लागायला हवी? मला! ते काचेपलीकडचे साउंडवाले म्हणतात, "काकू, धाप खोटी वाटते, जरा जागच्या जागी पळा." या गुडघ्यांवर! आणि मधेच त्या पोरीचे पुढचे दात पडले. आता बोलणं बोबडं हवं, खोटं बोबडं लगेच कळतं. डायरेक्टर डोक्याला हात लावून बसला. मी म्हटलं, अरे त्यात काय एवढं, आणि पुढची कवळी काढून ठेवली पाण्याच्या ग्लासात! पडले तिचे दुधाचे दात, निघाली माझी कवळी, आणि लोक म्हणतात, कित्ती नॅचरल!

आमच्या ह्यांचं ऐका. रोज संध्याकाळी टीव्हीसमोर, बटण "कॅप्टनकाका" म्हणाली की ह्यांचे डोळे भरून येतात, रुमाल काढतात, "काय गुणी लेकरू आहे गं!" आणि मी आतून त्याच गळ्यानं, त्याच आवाजानं ओरडतेय, "अहो, दूध उतू चाललंय, गॅस बंद करा," तर ऐकू येत नाही! एकदा मी पुढ्यात जाऊन उभी राहिले, म्हटलं, अहो, ते गुणी लेकरू मीच आहे. तर मान वाकडी करून म्हणतात, "जरा बाजूला हो, पृथ्वीचं विचारतेय ती."

पृथ्वीचं मीसुद्धा विचारलं होतं लेखकाला. चहाच्या सुट्टीत गाठलं, म्हटलं, किती वर्षं विचारायचं त्या लेकरानं, येणार तरी कधी? तर बिस्किट बुडवत म्हणतो, "काकू, पृथ्वी आली तर सिरियल संपेल." म्हणजे बघा, ती येणारच नाही हे सगळ्यांना माहीत! लेखकाला माहीत, डायरेक्टरला माहीत, कॅप्टनकाकाला माहीत, एक ते पोर तेवढं रोज विचारतंय. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. तिला एकटीला कुणी सांगितलेलं नाही, आणि विचारायचं मी.

आणि मग एक दिवस डायरेक्टर म्हणतो, "काकू, गोष्ट वीस वर्षं पुढे नेतोय. बटण मोठी होते. कॅप्टन होते!" म्हटलं, आणि आवाज? तर कसा बोलला ऐका, "अहो, तीच मुलगी ना? मग आवाज तुमचाच! एकदा टेस्ट घेऊ, नावापुरती."

अहो, मी हवेत! इतक्या वर्षांनी बाई! आणि बाई म्हणजे साधीसुधी नाही, कॅप्टन! हुकूम सोडणारी! जिन्यात चढताना हुकूम, भांडी घासताना हुकूम, "इंजिन दोन बंद करा! सगळ्यांनी जागा घ्या!" मी आवाज खाली, आणखी खाली, पार बेंबीपासून काढतेय, आणि हे पेपर खाली करून विचारतात, "घसा बसला का गं? मिठाच्या पाण्यानं गुळण्या कर." केल्या! म्हटलं, मेलं त्यानं तरी जाडा होत असेल तर होऊ दे. मुलीला फोन केला, म्हटलं, "मी कॅप्टन बोलतेय," तर म्हणाली, "आई, खेळू नकोस, ऑफिसात आहे मी." खेळू नकोस! मी काय लहान आहे?

टेस्टचा दिवस. माइकसमोर उभी राहिले. प्रसंग कसा, तर म्हातारे कॅप्टनकाका शेवटच्या घटका मोजतायत, आणि बटण, आता मोठी झालेली, त्यांचा हात हातात घेऊन म्हणते... एवढंच बोलायचं होतं... "काका, पृथ्वी येणार नाही ना? मला कधीच कळलं होतं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून विचारत होते."

आता तुम्हाला काय सांगू? मी ते वाचलं आणि माझंच मला काहीतरी झालं. अहो, माझंच होतं ते! दर वर्षी मी नाही का विचारत आले, "यंदा एखादी बाई आहे का हो माझ्यासाठी?" आणि ते हसून म्हणायचे, बघू काकू, बघू. मला कळत नव्हतं थोडंच? मी बोलले. ओढूनताणून जाडा आवाज नाही, काही नाही, होता तसा बोलले. साउंडवाले चष्मा पुसतायत. मी म्हटलं, जमलं! आयुष्यात एकदा तरी जमलं!

आणि कानाला लावलेल्या हेडफोनमधून डायरेक्टर... "काकू, कमाल! रडवलंत! फक्त काय होतंय ना... लहान मुलगी मोठ्या बाईची नक्कल करतेय असं वाटतंय."

मी म्हटलं, "अरे, मोठी बाईच आहे मी!" आणि म्हटलं कुठल्या आवाजात? त्याच! त्या हेडफोनमध्ये माझं मलाच ऐकू आलं. रुसलेलं पोर. साउंडवाल्यांनी मान खाली घातली.

काम मिळालं एका मुलीला, कॉलेजातनं नुकती बाहेर पडलेली, आवाज मात्र असा की विजेच्या कचेरीतले उठून उभे राहतील. वाईट नाही हो पोरगी, धावत आली माझ्याकडे, दोन्ही हात धरले, त्या भरदार आवाजात म्हणते, "आजी, तुमचा आवाज ऐकतच मी लहानाची मोठी झाले!" झालीस ना बाई? छान झालं. सगळेच झाले. राहिलं कोण?

मी पर्स उचलली, निघाले, तर डायरेक्टर मागून, "अहो काकू, तुम्हाला सोडतोय होय? तुमच्याशिवाय सिरियल चालेल का?" मला वाटलं, आई असेल कुणाची, मावशी असेल, यानातली एखादी डॉक्टर तरी... म्हणतो, "कॅप्टनला बाळ होतं! पहिल्याच भागात!" मी म्हटलं, "बाळ... किती मोठं?" "तान्हं." "आणि बोलतं काय?" "बोलत नाही हो. रडतं."

म्हणजे गोष्ट वीस वर्षं पुढे, आणि मी पार पाळण्यात! घरी आले, ह्यांना सांगितलं. म्हटलं, हे तरी म्हणतील, जाऊ दे, नको ते काम. ह्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला, मोठ्या समजूतदारपणे विचार केला, आणि म्हणाले, "अगं, चांगलंच झालं की! पाठांतर नाही!"

आणि मी हो म्हटलं. हो, म्हटलं! नाही म्हणून करणार काय? वासराचंसुद्धा काम हल्ली मशीन करतं. सही करताना डायरेक्टर म्हणाला, "काकू, फक्त रडणं खरं वाटायला हवं हं." मी म्हटलं, त्याची तुम्ही काळजीच करू नका.

तेव्हा तुम्ही मंडळी मला आता जास्त बोलायला लावू नका. घसा जपायचाय. उद्या सकाळपासून रडायला जायचंय.