घासून गेलेला नंबर

मुक्काम उमरगा, तारीख २३ ऑगस्ट १९६१.

नाव : कमलबाई महारुद्र साळुंके. वय : अंदाजे ४५. धंदा : शेतमजुरी. राहणार : माकणी, तालुका उमरगा, जिल्हा उस्मानाबाद. (बाई नवऱ्याचे नाव घेत नाहीत. ते सोबत आलेल्या पोलीस पाटलांनी सांगितले.)

मी स्वतः ठाण्यात हजर होऊन सांगते की, मला कोणी बोलावलेलं नाही, मी आपल्या पायाने आले आहे. उमरग्याचे मोटार मिस्त्री धुळाप्पा यांना परवापासून इथं बसवून ठेवलं आहे. आमच्या गावच्या हिंमतराव देशमुखांच्या जुन्या मोटारीवरचा नंबर त्यांनी कानशीने घासून काढला, मोटार चोरीची असावी, असा त्यांच्यावर वहीम आहे. तो नंबर धुळाप्पांनी घासलेला नाही. तो मी घासला आहे. कानस माझ्या घरात नाही, चिंच आणि राख आहे.

माझे घरधनी हिंमतरावांच्या वडिलांच्या मोटारीवर ड्रायव्हर होते. रझाकारांच्या धामधुमीत गावातली बायकापोरं सोलापूरकडे पोचवायला ते मोटार घेऊन गेले. निघताना भाकरी बांधून घेतली नाही, आल्यावर खातो म्हणाले. माणसं सुखरूप पोचली. रिकामी मोटार परत आणताना वाटेत काय झालं ते कोणी पाहिलं नाही. पुढे नळदुर्गच्या अलीकडे बिरदेव धनगराला मोटार ओढ्यात आडवी सापडली. चाकं नव्हती, आत कोणी नव्हतं. मोटार कोणाची ते कळावं म्हणून त्याने इंजिनवरच्या झाकणाखालचा नंबरचा पितळी पत्रा उचकटला आणि गावोगाव दाखवत आमच्या गावी आणला. थोरल्या देशमुखांनी तो ओळखला, पण स्वतः ठेवला नाही. माझ्या ओटीत घातला आणि आत निघून गेले. मोटार बैलांनी ओढून आणून त्यांच्या गोठ्यात ठेवली.

आमच्यात घरचं माणूस गेलं की त्याचा चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात पुजतात. पण प्रेत सापडलं नव्हतं. भटजी म्हणाले, बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची असते, तोवर क्रियाकर्म नाही आणि टाकही नाही. फोटो त्यांनी कधी काढून घेतला नव्हता. म्हणून मी तो पत्रा देवांशेजारी ठेवला. रोज सकाळी देवांबरोबर त्यालाही चिंच आणि राख लावून घासायचे, पुसायचे, कुंकू लावायचे. मोटार इन्स्पेक्टरसाहेबांना अक्षरांत जे लाल दिसलं तो रंग नाही, कुंकू आहे. गेल्या साली बारा वर्षं भरली आणि क्रियाकर्म केलं. माझं कुंकू गेलं. पत्र्याला लावत राहिले.

घासलं की पितळ उजळतं एवढंच मला ठाऊक. वरचं लिहिलेलंही त्याबरोबर जातं हे ध्यानात आलं नाही. मला लिहितावाचता येत नाही.

थोरले देशमुख वारल्यावर हिंमतरावांनी मोटार गोठ्यातून काढून धुळाप्पांकडे दुरुस्तीला दिली. वडिलांच्या वेळी होती तशीच ती दिसली पाहिजे, असा त्यांचा हट्ट. तेलापाण्याच्या सूचनांच्या बारीक पट्ट्यासुद्धा त्यांनी रेवणसिद्ध यांच्याकडून जुन्यासारख्या करून घेतल्या. रेवणसिद्ध भांड्यांवर नावं घालतात. राहिला नंबरचा पत्रा. हिंमतराव घरी आले, बराच वेळ बसले. देव्हाऱ्यातली वस्तू मागायला त्यांची जीभ रेटेना. शेवटी म्हणाले, "कमलमावशी, म्या हुबेहूब दुसरा करून घेतो. ह्यो तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या."

रेवणसिद्ध पत्रा बघायला आले. पुढून आकडे दिसेनात. त्यांनी पत्रा उलटा केला. आकडे पुढून ठोकून उमटवलेले असल्यामुळे त्यांचे उंचवटे मागे शाबूत होते. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली, कागद उजेडाला धरला आणि नंबर उतरवून घेतला. साहेबांनीही पत्रा उलटा करून पाहावा. नंबर बदललेला नाही.

पुढच्या बाजारी त्यांनी नवा पत्रा आणून माझ्या हातात दिला. मी त्यावरून बोट फिरवलं. मी लग्न होऊन आले तेव्हा मोटारही नवीच होती. घरधन्यांनी एकदा झाकण उघडून माझं बोट धरून त्या आकड्यांवरून फिरवलं होतं. वाचता त्यांनाही येत नव्हतं. तेच आकडे पुन्हा बोटाला लागले.

धुळाप्पा पत्रा न्यायला आले तेव्हा मी नवा ठेवून घेतला आणि जुना त्यांच्यापुढे केला. ते म्हणाले, "मावशी, ह्यो तर पार गुळगुळीत झालाय. नवा द्या की."

मी म्हणाले, "मोटार आता चालू व्हनार. त्यांनीच बसावं तिच्यात. लई वर्सं घरात बसून ऱ्हायलेत, त्यांना सवय न्हाय."

धुळाप्पा तो पत्रा रुमालात गुंडाळून घेऊन गेले आणि मोटारीवर बसवला.

परवा तपासणीत मोटार अडवली तेव्हा धुळाप्पांनी माझं नाव घेतलं नाही. बाईमाणसाला ठाण्यात कशाला ओढायचं, म्हणून गप्प राहिले असावेत. हिंमतराव हैदराबादला गेलेले आहेत, मोटारीचे जुने कागद धामधुमीत जळाले. काल दुपारी धुळाप्पांची बायको मल्लम्मा माझ्या दारात येऊन बसली. रडली नाही, काही मागितलं नाही, नुसती रस्त्याकडे बघत बसली. ते बसणं मला माहीत आहे. तिला तसं बसलेलं मला बघवलं नाही, म्हणून मी आले.

नवा पत्रा पदरात बांधून आणला आहे, तो हजर करते. जुना मोटारीवरून काढून टेबलावर ठेवलेला आहे, तो मी ओळखला. तपास पुरा होईपर्यंत दोन्ही ठाण्यात राहतील असं फौजदारसाहेब म्हणाले. माझी हरकत नाही. धुळाप्पांना घरी जाऊ द्यावं. आज सकाळी देव्हाऱ्यात घासायला हात गेला, तेव्हा नवा पत्रा पदरात बांधून झालेला होता. आता मी थकले आहे. आणखी सांगण्यासारखं काही नाही.

लिहिलेलं सगळं मला सावकाश वाचून दाखवलं, समजलं. मी बोलले तसंच उतरलं आहे.

निशाणी अंगठा.

टीप : बाईंच्या उजव्या अंगठ्यास शाई लावून ठसा पुन्हा पुन्हा घेतला. रेषा उमटत नाहीत, नुसता काळा ठिपका येतो. अंगठा घासून गुळगुळीत झालेला आहे. फौजदारसाहेबांनी टेबलावरचा जुना पत्रा उचलून अंगठ्याशेजारी धरून पाहिला. धुळाप्पास सोडण्याचा हुकूम झाला. ठसा आहे तसा घेतला आहे.