लिओटा टाकीत बसली तो दिवस

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपले महापौर श्री. गॉर्डन प्लिहाल, राजधानीहून एवढा पल्ला गाठून आलेल्या पर्यटन विभागाच्या श्रीमती ॲबर्नथी, व्यासपीठावरचे फादर सिल्वेस्टर, सत्कारमूर्ती श्रीमती लिओटा कुचेरा, आणि मागच्या टेबलावरच्या जर्दाळूच्या गोड कोलाची-पावांवर एक डोळा ठेवून बसलेल्या माझ्या गावकरी बंधुभगिनींनो,

मी वेंडेल श्रोडर. लिओटा आणि एमिल कुचेरा यांची जुनी बस मी चालवत आलो. प्रवाशांना नदीच्या वरच्या पुलाशी सोडायचं आणि ते टाक्यांत बसून तरंगत खालच्या पुलाशी आले की टाक्यांसकट उचलून आणायचं, एवढंच माझं काम. भाषण हे माझं काम नव्हे, तेव्हा सांभाळून घ्या.

श्रीमती ॲबर्नथींनी मघाशी कुचेरांच्या धंद्याला ‘गवताळ प्रदेशाचं वैभव’ म्हटलं. आभारी आहोत. पण एमिल असता तर हसून खुर्चीवरून पडला असता! त्याच्या लेखी ती गुरांना पाणी पाजायची पत्र्याची गोल टाकी होती. आत फळ्या ठोकल्या, चार माणसं बसवली आणि दिली नदीच्या हवाली. टाकी स्वतःभोवती फिरत, वाळूला घासत दुपारपर्यंत खाली येते. शहरातली माणसं विचारायची, “पण इथं बघण्यासारखं आहे काय?” एमिल म्हणायचा, “आधी तासभर गप्प बसा. मग दिसायला लागेल.”

आणि लिओटा? ती कायम काठावर. प्रत्येकाच्या तरंगत्या जाकिटाचा पट्टा स्वतः ओढून बघायची. पण स्वतः कधी टाकीत बसली नाही. पाण्याची भीती. एमिल चिडवायचा, “सगळ्या जगाला नदीत ढकलते आणि आपण काठावर!” ती म्हणायची, “कुणीतरी कोरडं राहायला हवं. नाहीतर तुम्हाला टॉवेल कोण देणार?”

तीन वर्षांपूर्वीचा जून आपल्यापैकी कोण विसरलंय? आभाळ स्वच्छ होतं, पण वरच्या अंगाला पाऊस होऊन गेला होता. शिकागोचा रसेल हास, त्याची बायको आणि दोन मुली एका टाकीत होत्या. वळणावर पडलेल्या कॉटनवुडच्या झाडाला त्यांची टाकी अडकली आणि कलंडू लागली. मागच्या टाकीतून येणारा एमिल पाण्यात उतरला, खांदा लावला, टाकी मोकळी केली. त्याचा स्वतःचा पाय मात्र पाण्याखालच्या फांद्यांत अडकला. रसेलनं उडी मारून त्याचा हात धरला. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. रसेल शेरीफला इतकंच म्हणाला, “हात सुटला.” आणि निघून गेला.

आम्हाला वाटलं, धंदा संपला. पण पुढच्या उन्हाळ्यात लिओटानं फाटक उघडलं. एका तरुण प्रवाशानं हसत विचारलं, “काय हो, इथं कधी कुणी बुडलंय का?” मी शेजारीच उभा होतो.

“एक जण,” लिओटा म्हणाली. “माझा नवरा. पट्टा घट्ट कर.”

गेल्या ऑगस्टमध्ये रसेल आला. एकटाच. बराच वेळ काठावर उभा राहिला. म्हणाला, “मिसेस कुचेरा, मला एकदा तिथून जायचंय. पण पाय उचलत नाही.”

लिओटानं त्याच्याकडे पाहिलं. मग खुंटीवरचं जाकीट काढलं आणि स्वतःच्या अंगात घातलं.

“चला,” ती म्हणाली. “मलाही भीती वाटते. दोघं मिळून भिऊ.”

मी खालच्या पुलाशी बस लावून थांबलो. टाकी आली तेव्हा दोघं एकाच फळीवर बसले होते. लिओटाचा झगा गुडघ्यापर्यंत भिजलेला. त्याचा हात तिनं दोन्ही हातांत धरला होता.

त्या वळणावर रसेलनं तिला सांगितलं होतं, “हात सुटला नव्हता. मी सोडला. एमिल म्हणाला, ‘सोड पोरा, मुली बघतायत. त्यांच्याकडे जा.’ म्हणून मी सोडला.”

लिओटानं विचारलं, “म्हणजे तोपर्यंत तुम्ही धरून होतात?”

“हो.”

“मग तो एकटा नव्हता,” ती म्हणाली. “बरं केलंत, त्याचं ऐकलंत. मी असते तर ऐकलं नसतं, आणि आम्ही दोघंही गेलो असतो.”

हे मी आज त्या दोघांना विचारूनच सांगतोय. रसेलचा निरोप आहे, ‘सगळ्यांसमोर सांगा.’

येत्या शनिवारी लिओटा लेकीकडे लिंकनला जाते आहे. गुडघे साथ देत नाहीत, आणि धंदा चालवायला कुणी पुढे आलं नाही. टाक्या गुरं पाळणाऱ्या एका शेतकऱ्यानं नेल्या. त्यांत आता खरोखरच गुरं पाणी पितील. जूनमध्ये प्रवासी येतील, फाटक बंद बघून गाडी वळवतील. आपण त्यांना काय सांगणार आहोत?

परवा सामान बांधताना लिओटा म्हणाली, लेकीच्या घरातून नदी दिसत नाही. मी म्हटलं, बरंच झालं की! ती म्हणाली, “नाही रे वेंडेल. मला वाटतं, मी त्याला इथं ठेवून चाललेय.”

मी ती बांधत असलेल्या खोक्याची दोरी आवळून दिली.

अध्यक्षांनी बोलायची संधी दिली, तुम्ही कोलाची बाजूला ठेवून ऐकलंत, मनापासून आभार. कुणाचं नाव राहून गेलं असेल, शब्द इकडेतिकडे झाला असेल, तर पोटात घाला. आणि लिओटा, सकाळी तू बजावलं होतंस की आज कुणीही रडायचं नाही. तेवढं मात्र मला जमलं नाही. माफ कर.