करीच्या दिवशी कापसात शिरलेली गुरं

निजाम इलाखा, मेहेर महिना, फसली सन १३५०. पोलीस ठाण्यात अमीनसाहेबांसमोर दिलेला जबाब.

नाव कडूबाई, भ्रतार सटवाजी, मयत. वय पन्नासच्या आसपास. धंदा गावाची गुरं राखणे. राहणार पेडगाव, तालुका परभणी.

समक्ष हजर होऊन सांगते की, कालपासून गावची गुरं कोंडवाड्यात हायत. त्यात माझी गाभण गाय हाय. चंद्रप्पा दुकानदारांची फिर्याद अशी, की मी मुद्दाम गुरं त्यांच्या कापसात घातली. हे साफ खोटं हाय.

ओढ्याच्या वरल्या अंगाला, उतारावर, गावाचं कुरण होतं. कंबरेएवढं पवना गवत वाढायचं. मिरगापासून पोळ्यापर्यंत तिथं कुणी जनावर सोडत नव्हतं, का विळा लावत नव्हतं. गवताला मूळ धरू द्यायचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, सगळ्या गावची गुरं एकदम सोडायची. माझ्या सासऱ्याच्याबी आधीपासूनची ही रीत.

गेल्या साली श्रावणात जमिनींची पाहणी करणारे गिरदावरसाहेब घोड्यावर आले. कुरणात एक जनावर न्हाई. त्यांनी मुंजाजी जागल्याला विचारलं, "ये जमीन कैसी है?" मुंजाजी बोलला, "पडून हाय साहेब, करीपर्यंत." साहेबांनी 'पडीत' लिहिलं. 'करीपर्यंत' कुठं गेलं, ते त्यांनाच ठाऊक. उन्हाळ्यात चंद्रप्पांना त्या जमिनीचा पट्टा मिळाला अन् नांगर लागला. मुंजाजी माझ्या दारात येऊन रडला. मी म्हणलं, बाबा, तुजं तोंड न्हाई चुकलं, त्यांचा कान चुकला.

नांगरानं पवन्याची मुळं उपटली, ती बांधावर वाळत पडली. आता पाऊस आला की उताराची माती सरळ ओढ्यात. पिण्याच्या पाण्याचा झिरा गाळानं भरला, बाया पाणी फडक्यातून गाळायल्यात. तित्तरं तर दिसंनात. मला लय वाईट वाटतं. जबाब लिवणारे जमादार म्हणतात, ह्याचा फिर्यादीशी संबंध न्हाई. मी म्हणते, हाय. लिवा.

काल कर होती. सकाळी मी गुरं नदीकडं वळवायलते. पांदीच्या तोंडाशी आली अन् शेपट्या वर करून उताराकडं सुटली. मी आडवी गेले, हाका मारल्या, पडले. गुडघा सुजलाय, बगा. धावत्या गुराला पट्टा कोण वाचून दाखवणार? कापूस तुडवला गेला, ते मी नाकारत न्हाई. पर ओळींमधी पवना परत फुटलेला, गुरं तेवढाच खात होती.

सर्वांत पुढं कुणाचं जनावर होतं, असं अमीनसाहेबांनी विचारल्यावरून सांगते की, चंद्रप्पांचा तांबडा बैल. गोऱ्हा होता तवापासून त्याच कुरणावर वाढलाय. त्यांच्या गड्यानं दावं सोडलं, त्यो कळपात मिसळला अन् त्याच्या मागं बाकीची. चंद्रप्पांनी त्याला गोंजारत घरी नेला, अन् माझी गाभण गाय कोंडवाड्यात हाणली. तिला कालपासून वैरण न्हाई. आमची गुरं सोडा, न्हाईतर त्या बैलालाबी आत घ्या.

जबाब मला मोठ्यानं वाचून दाखवला. मी बोलले तसाच हाय, म्हणून अंगठा देते.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, कडूबाई.

शेरा: फिर्यादी चंद्रप्पा यांनी उद्या बैलासह ठाण्यात हजर व्हावे. तोवर गाभण गाय जबाब देणारीच्या ताब्यात दिली.