तानुबाईची कणगी

पाय मुरगळला म्हणून आर्किटेक्ट सानिका पौडच्या दवाखान्यात नंबर लावून बसली होती. पाठीमागच्या बाकावर रिहे गावच्या तानुबाई आणि रंभाबाई येऊन टेकल्या. पहिली बोलली ती रंभाबाई.

"भोवळ कशानं आली गं तुला?"

"उकाड्यानं. घर कसलं, पत्र्याची भट्टी हाय ती."

"जुनं बरं हुतं तुझं. हातभर जाड मातीची भिताडं."

"म्हणून तर म्युझियमवाली बाई ती मोजून गेली. गारवा मोजायचं यंत्र चार म्हैने माझ्या आढ्याला टांगलं हुतं. मग तसल्याच भिताडांचं म्युझियम बांधलं. एसी लावायची गरजच न्हाई म्हनत्यात."

सानिकाने गळ्यातलं म्युझियमचं ओळखपत्र ओढणीखाली सरकवलं. मागे वळून मात्र पाहिलं नाही.

"आन तुझं घर पाडलं कशापायी?"

"म्युझियम बघाय येनाऱ्यांच्या गाड्या लावायला जागा पुरत न्हवती. त्या बदल्यात ही पत्र्याची खोली दिली."

"तुझी भाताची कणगी म्युझियमातच मांडलीया न्हवं?"

"व्हय. खोलीत पिंपात भाताला किडं लागलं, म्हणून परवा ती परत मागाय गेले."

"दिली?"

"न्हाई. म्हनले, तुमच्या पत्र्याखाली लई तापतंय, कणगीचा बांबू तडकंल. एवढी जुनी वस्तू हाय, तिला गारव्यातच ठिवाय लागतं."

"आन तू गं?"

"मला म्हनले, ऊन हाय आजी, जपून जा."