अर्धा वडा

तुम्ही हसाल, पण आमच्या कळंबोलीतल्या शिंदेकाकांना त्यांचा आवडता वडा मेल्यावरच मिळाला.

डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं तसे काका रोज सकाळी माझ्याबरोबर चालायला लागले. परतताना वड्याच्या गाडीपाशी त्यांची चाल मंदावायची. मी म्हणायचो, "काका, चालून जेवढं जाळलं, त्यातलं अर्धं खायला हरकत नाही."

ते भडकायचे. "एवढा घाम गाळून जाळलं, ते परत पोटात भरू? येडा का काय तू!"

एका सकाळी चालून परतताना ते जिन्यातच कोसळले आणि गेले.

दहाव्याला आम्ही खाडीकाठी जमलो. काकूंनी पिंडाशेजारी वडा ठेवला. कावळे भिंतीवर बसून नुसते बघत होते. मुलगा म्हणाला, "आईला सांभाळीन." भाऊ म्हणाला, "गावच्या घराला कुलूप लागू देणार नाही." तरी एकही कावळा हलेना.

काकू रडवेल्या झाल्या. "संदीप, तू रोज त्यांच्याबरोबर असायचास. तूच बोल बाबा."

मी हात जोडले. "काका, खूप चाललात. आता अर्धा तरी खा."

एक कावळा उतरला. पिंडाला शिवला, मग वड्याकडे वळला. बरोबर अर्धा खाल्ला आणि उडाला. उरलेल्याकडे बाकीचे कावळे फिरकलेसुद्धा नाहीत.

लोक सुटकेचा निःश्वास टाकून उठले. काकू त्या अर्ध्या वड्याकडे बघत म्हणाल्या, "जिवंतपणी ऐकलं असतं तर!"

आता मी एकटाच चालतो. येताना वडा घेतो, अर्धा खातो, उरलेला कठड्यावर ठेवतो. मागे वळून बघायची हिंमत होत नाही. पण चार पावलं जातो न जातो, तोच पाठीमागे पंख वाजतात.