शिलेदाराचा चेंडू

मास्तरांची दुखरी दाढ डावीकडची होती आणि डॉक्टरांनी बधिर केली उजवीकडची. पण सांगणार कसं? तोंडात नळी, कापूस आणि डॉक्टरांची बोटं. वर डॉक्टरांचा आणि डावीकडे उभ्या मदतनीस पोरीचा ‘शिलेदार’ या मोबाइल गेमच्या नव्या भागावरून वाद पेटलेला.

“जुन्या गेममध्ये शिलेदार किल्ले जिंकायचा गं. या नव्या, बटणांनी चेंडू टोलवायच्या पिनबॉलवाल्यात त्याचाच पार चेंडू केलाय!”

“पण सर, यात नेम लागतो.”

“कसला डोंबलाचा नेम? बटणं बडवायची, लागलं तर लागलं!”

“आं! आं!” मास्तरांनी जीव खाऊन डावीकडे बोट दाखवलं.

“बघा! काका माझ्या बाजूनं आहेत.”

“बरं बाई, हरलो,” म्हणत डॉक्टरांनी उजवीकडची दाढ उपटून ट्रेमध्ये टाकली. “पण याला म्हणतात नेम!”